शेवटची ओळ

कार्यालयात त्याला सगळे डॉक्टर म्हणत. पदवी कसली, तो आपला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. पण तक्रार पुरती ऐकायच्या आतच औषध सांगायचा, म्हणून हे नाव पडलं. औषधही ठरलेलं: प्रिंटरच्या रांगेत अडकलेली कामं काढायची, साठलेल्या निकामी फाइलींचा कचरा उडवायचा आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा. निम्मे आजार तेवढ्यानं पळत. पण तेवढ्यासाठी त्याला जेवताना, झोपताना, डोक्याला साबण लावलेला असतानाही फोन येत.

मागच्या खेपेला सासुरवाडीला सासूबाई वाढायला उभ्या, आणि जावई ताटावर बसून हिशेब विभागातल्या ताईंना डावीकडचं बटण कुठलं ते समजावतोय! परतताना बायको एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी एक तर फोन आणा, नाहीतर मला."

म्हणून या खेपेला त्यानं छातीठोक सांगितलं, दोन दिवसांत एकदाही फोन वाजला तर नाव बदलेन. आणि एक बॅच फाइल लिहिली. मोजक्या ओळींची साधी फाइल. तिच्यावर क्लिक केलं की डॉक्टरचं सगळं औषध ती एका दमात पाजणार. एका कॉम्प्युटरवर करून पाहिलं, तो लगेच बरा झाला. डॉक्टर दिवसभर शीळ घालत फिरला.

पण ताई बधेनात. "मी काही दाबायची नाही बाबा. काही उडालं तर? तू येऊन दाब." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. डॉक्टरला तिथेच नको ती अक्कल सुचली. रजेच्या आदल्या संध्याकाळी त्यानं ती फाइल सगळ्या कॉम्प्युटरांत अशी बसवली, की सकाळी कॉम्प्युटर चालू झाला की तीही आपोआप चालावी. कुणी काही दाबायलाच नको.

सकाळी नवराबायको बसमध्ये बसले. पिशव्या वर ठेवल्या, बायकोनं खिडकी उघडली, आणि फोन वाजला. ताई होत्या. कॉम्प्युटर चालू होतोय, बंद होतोय, पुन्हा चालू होतोय म्हणाल्या.

डॉक्टर सवयीनं म्हणाला, "एकदा बंद करून चालू करा."

"अरे, तेच तर तो आपलं आपण करतोय!"

डॉक्टरला आपली फाइल आठवली. फाइलची शेवटची ओळ होती, बंद करून पुन्हा चालू कर. चालू झाला की फाइल चालणार, फाइल चालली की शेवटची ओळ येणार. आणि हे एकाच नाही, सगळ्या कॉम्प्युटरांवर. स्वतःच्या हातानं त्यानं अख्ख्या कार्यालयाला उचकी लावली होती.

तो उठला. बायको उठली नाही. "तुम्ही उतरा," ती म्हणाली, "मी जाते." बस निघून गेली आणि डॉक्टर रस्त्यात उभा राहिला. रडावंसं वाटत होतं, पण फोन पुन्हा वाजायला लागला होता.

कार्यालयात सगळे हाताची घडी घालून पडद्यांकडे बघत बसले होते. कॉम्प्युटर चालू झाल्यापासून फाइल सुरू होईपर्यंत जेमतेम आवंढा गिळण्याएवढी फट मिळे, तेवढ्यात ती फाइल पुसायची. एकाला पकडावं, तर दुसरा हातातून निसटे. डॉक्टर या टेबलावरून त्या टेबलावर धावत होता. साहेब चहा पीत म्हणाले, फाइल आज्ञाधारक आहे हो तुमची.

दुपारी एक कॉम्प्युटर ताळ्यावर आला आणि डॉक्टरचे डोळे लकाकले. प्रत्येक ठिकाणी तेच तेच पुसायचं, मग त्यासाठी एक छोटीशी फाइल लिहिली तर? हात कीबोर्डकडे गेला. ताईंनी कीबोर्ड उचलून मांडीवर घेतला.

शेवटचा कॉम्प्युटर शांत झाला तेव्हा बाहेर दिवे लागले होते. त्यानं बायकोला फोन केला. चुकलं म्हणाला. उद्या पहिल्या बसनं येतो म्हणाला.



"नका येऊ," ती हळूच म्हणाली. "आज दिवसभर इथे एकदाही फोन वाजला नाही. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू."