रिकामं कपाट आणि दुप्पट बल

सर विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते, पण शिकवायची खोड काही निवृत्त झाली नव्हती. जावई त्यांचाच जुना विद्यार्थी, विज्ञानात काठावर पास झालेला. आता दातांचा डॉक्टर. एरवी सर त्याला अहोजाहो करत. विज्ञान निघालं की थेट अरेतुरे.

त्या रविवारी पुस्तकांचं चाकांचं कपाट बैठकीतून मागच्या खोलीत न्यायचं होतं. आदल्या दिवशी सरांनी एकट्यानं जीव खाऊन ढकललं, तर ते जेमतेम वीतभर सरकलं. म्हणून आज जावयाला बोलावलं आणि आधी अर्धा तास धडा घेतला.

"वस्तुमान तेवढंच, बल दुप्पट, म्हणून त्वरण दुप्पट. घर्षण सोडून दे. कपाट आरामात गोगलगायीसारखं जाईल. कळलं?"

जावयानं मान डोलावली. ती तो शाळेतही अशीच डोलवायचा.

दोघांनी बाह्या सरसावल्या आणि सगळी ताकद लावली. कपाट सुसाट सुटलं. सर पालथे पडले, त्यांच्यावर जावई. कपाट पॅसेजमधून धडधडत गेलं आणि न्हाणीघराच्या दाराला जाऊन टेकलं. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, आणि आत सरांच्या सौभाग्यवती, डोक्याला शाम्पू लावून.

मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली. वडिलांना जड जाऊ नये म्हणून तिनं सकाळीच सगळी पुस्तकं काढून पलंगावर रचली होती. सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

सर उठून बसले. गुडघा सोलला होता, पण चेहरा उजळला. चाळीस वर्षांत इतकं चोख उदाहरण हाती लागलं नव्हतं. दाराकडे तोंड करून ते म्हणाले, "अगं, वस्तुमान पार घटलं आणि बल मात्र आम्ही भरलेल्या कपाटाचं लावलं. मग त्वरण वाढणारच."

आतून दारावर थाप पडली. मग आवाज आला, "कळलं. डोळ्यांत फेस जातोय. कपाट हलवा."

सर जावयाला विचारू लागले की आता नेमकं किती बल लागेल. तो कागद शोधू लागला. तेवढ्यात मुलीनं एका हातानं कपाट बाजूला सारलं.

सौभाग्यवती डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आल्या आणि दोघांना ओलांडून जाताना म्हणाल्या, "पुस्तकं आता हातानं न्या. एका वेळी थोडी. वस्तुमान कमी, म्हणजे त्रास नाही."

पुस्तकं तीनशेच्या वर होती. दहाव्या फेरीला जावई कंबर धरून खाली बसला. सर मात्र उभेच राहिले. एकदा बसलो तर उठायला चौघं लागतील, याची त्यांना खात्री होती.