प्रेमराजच्या घरातल्या रेघा

प्रेमराज दिल्लीला शिकून फैजपूरला परतला तो दोन गोष्टी ठरवून: घरची केळीची बाग करायची आणि गावाला मोकळं बोलायला शिकवायचं. ग्रामसभेत त्याने ‘बायकांचं आरोग्य आणि आपला संकोच’ या विषयावर असं घणाघाती भाषण केलं की सरपंचांनी पंखा वाढवायला सांगितला.

अशा माणसाच्या बायकोने, दिपमालाने, धाकट्या बहिणीच्या, मेघाच्या, हळदीला धुळ्याला जायचं नाही असं जाहीर केलं.

“का गं?”

“पोट बघ माझं. बाळंतपणात रेघा पडल्यात नुसत्या. नांगरल्यासारखं दिसतं. ती शिफॉनची साडी नेसले तर सगळ्या नवरी सोडून मलाच बघतील.”

“मग दुसरी नेस.”

“मेघाने सगळ्या बहिणींना तीच घेतलीय. आणि बहिणीच्या हळदीत मी कोपऱ्यात गोणपाट गुंडाळून बसू?”

तेल झालं, कोरफड झाली, मोबाईलवर स्ट्रेच मार्क्ससाठी दाखवतात ती क्रीम झाली. रेघा जागच्या जागी. लग्नाआधी आख्खी गल्ली नाचवणारी दिपमाला आता आरशासमोरून चोरासारखी जायची. प्रेमराजला ते बघवेना. गुपचूप औषध आणायचं त्याने ठरवलं.

रतनलालशेठचं दुकान म्हणजे एका छपराखाली दोन संसार. डावीकडे मेडिकल, उजवीकडे शेतीची औषधं. मेडिकलच्या काउंटरवर शेठची सून चेलना उभी होती. प्रेमराजने तोंड उघडलं, ‘पोट’ हा शब्द घशात अडकला, आणि त्याने खोकल्याची गोळी घेतली. (ग्रामसभेत माईक होता, इथे चेलना होती.) मग तो हळूच उजवीकडे सरकला आणि शेठच्या कानाशी लागला.

“शेठ, आमच्याकडे रेघा पडल्यात.”

“कधीपासून?”

“पिल्लू झाल्यापासून.” मुलाला घरात पिल्लूच म्हणत.

केळीच्या बुडाशी फुटणाऱ्या कोंबाला इकडे पील म्हणतात. शेठच्या डोक्यात सकाळपासून केळीच होती. “पील किती महिन्यांचं?”

“सात.”

“किती ठेवलीत?”

“ठेवलीत म्हणजे? एकच आहे!”

“शाबास! एकच ठेवायचं. बाकीची डोकं वर काढताना दिसली की कोयत्याने उडवायची. दयामाया नको.”

प्रेमराज एक पाऊल मागे सरकला. (कुटुंब नियोजनाबाबत शेठ इतके जहाल असतील असं त्याला वाटलं नव्हतं.)

“खालच्या बाजूला जास्त आहेत ना?”

“हो! तुम्हाला कसं कळलं?”

“खालूनच सुरुवात होते, भाऊ. बघितल्याशिवाय औषध देणार नाही. उद्या सकाळी येतो.”

“तुम्ही... स्वतः?”

“मग? कालच जितेंद्रकडच्या बघून आलो. भिंग लावून.”

जितेंद्रची बायकोही नुकतीच बाळंत झालेली. प्रेमराजला घाम फुटला.

सकाळी शेठ खरंच हजर, खिशात भिंग. प्रेमराज दारात दोन्ही हात पसरून उभा राहिला.

“चल, दाखव.”

“शेठ, तुमच्या वयाला शोभतं का हे?”

“वयाचं काय त्यात? गावात सगळ्यांच्या मीच बघतो.”

“ती... आत्ता आडवी आहे.”

“आडवी!” शेठ हादरले. “परवाच्या वाऱ्याने? अरे, पोटाशी एवढा घड, आणि तू टेकू लावला नाहीस?”

“लावला होता! दोन उशा होत्या!”

“केळीला उशा?”

आतून दिपमाला पिल्लाला कडेवर घेऊन आली. “कुणाला टेकू लावायचाय?”

“तुमच्या केळीला, सूनबाई. पील झाल्यापासून रेघा पडल्यात ना? पानांवरचा करपा रोगच असणार.”

दिपमालाने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे. तिने मनाशी जुळवलं: पिल्लू, रेघा, भिंग. आणि ती जी हसायला लागली ती पायरीवरच बसली. पदर सरकला, तो सावरायचंही तिला सुचेना. पिल्लूही तिच्या पोटावर थापा मारत खिदळू लागलं.

शेठना उमगायला थोडा वेळ लागला. मग त्यांचे कान लाल झाले. भिंग खिशात घालत ते पुटपुटले, “पोरी, ते... ते खातं चेलनाकडे असतं,” आणि स्कूटरला किक न मारताच ती ढकलत निघून गेले.

दिपमालाने डोळे पुसले. “डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, फिकट होतील, पण पुसणार नाहीत. आणि आता शेठना कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत आख्ख्या यावल तालुक्याला कळलं. लपवू कुणापासून? काढ ती शिफॉन!”

धुळ्यात हळदीला ती अशी नाचली की ढोलवाला दमला. एका वहिनीने दबकत विचारलं, “या रेघा गं?” दिपमाला म्हणाली, “पिल्लाने सही केलीय.” त्यावर तीन जणींनी आपापल्या पदराआडच्या सह्या दाखवल्या आणि एकच हशा उठला.

प्रेमराजला भरून आलं. त्याने डीजेचा माईक ओढला आणि स्टेजवर नवरीशेजारी जाऊन उभा राहिला. “मायभगिनींनो! शरीराची लाज कसली? जसं आहे तसं मिरवा! आपलं पोट हा आपला—”

“जवाईबुवा,” पहिल्या रांगेतून दिपमालाच्या भिकुबाई आत्या ओरडल्या, “भाषण बठ्ठं मंग करा! आधी तुमनं पोट मझार ल्या, फोटोमा नवरी दखास नही!”

प्रेमराजने झटकन श्वास आत ओढला आणि पोट आवळून ताठ उभा राहिला.

“हां, भाऊ,” फोटोग्राफर म्हणाला, “आता असंच राहून जरा मोकळं हसा.”