झाडांचं हॉस्टेल

टिकाराम कापगते माझ्याशी पहिल्यांदा बोलला, तेव्हा तो खरं तर माझ्याशी बोललाच नाही. स्टाफरूममध्ये शिरला, माझ्या टेबलावरच्या मनीप्लांटसमोर वाकला आणि त्याला विचारलं, "करमते का इथं?"

मनीप्लांटनं अर्थातच उत्तर दिलं नाही. पण टिकारामला ते मिळालं असावं. "नाई करमत," असं म्हणून मान हलवत तो निघून गेला. मी शेजारच्या सरांना विचारलं, "हा कोण?" ते म्हणाले, "बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे. डोकं जरा... पण पोरगा चांगला आहे." त्या 'पण'च्या अलीकडे काय होतं ते त्यांनी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझा मनीप्लांट गायब. ग्रंथालयातली कोरफड गायब. प्राचार्यांच्या केबिनमधलं ते शोभेचं झाड, ज्याची पानं शिपाई रोज ओल्या फडक्यानं पुसायचा, तेही गायब. चोरीची बोंब झाली. शेवटी सगळ्या कुंड्या जिन्याजवळच्या खिडकीखाली सापडल्या, हळदीकुंकवाला जमलेल्या बायांसारख्या एकमेकींना खेटून बसलेल्या.

"एकेकट्या होत्या जी," टिकारामनं खुलासा केला.

"अरे, त्या शोभेसाठी होत्या!" प्राचार्य कडाडले.

"मंग? आता शोभून नाई राहिल्या?"

ह्याला शिक्षा काय द्यावी ते कोणालाच सुचेना. म्हणून त्याला कॉलेजच्या हरित मंडळाचा सचिव केलं. आणि मंडळाची प्रमुख मी. का, तर मी सगळ्यांत नवी होते आणि मला नाही म्हणता येत नव्हतं. आमचं घर गोंदियाच्या बाजारातलं. घरात अर्धं बोलणं हिंदीत, आणि धान मी पाहिलं ते पोत्यातच. झाडाझुडपांचं मला ओ की ठो कळत नाही. पण राज्यशास्त्रवाल्यांना वेळ फार असतो असा आमच्याकडे समज आहे.

टिकाराम तिसऱ्या वर्षाला गेला त्या जुलैत विद्यापीठाचा आदेश आला. प्रत्येक विद्यार्थ्यानं एक झाड लावायचं. हिवाळ्यात समिती येऊन परिसर किती हिरवा झाला ते पाहणार. प्राचार्यांनी फाटकापासून इमारतीपर्यंतचा रस्ता दाखवला. दोन्ही बाजूंना झाडं, प्रत्येक झाडाला पिंजरा, पिंजऱ्यावर लावणाऱ्याच्या नावाची पाटी. खड्डे खणून झाले आणि कडुलिंब, जांभूळ, आवळा, करंज अशी रोपं येऊन पडली. मी टिकारामला म्हटलं, "उद्या सकाळी सगळ्यांना घेऊन सुरू कर. मी येतेच."

मी पोचले तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाण्याचा आवाज मात्र हॉस्टेलच्या मागून येत होता. तिकडे जाऊन बघते तो काय! हापशाजवळच्या एका तुकड्यात घोट्याइतका चिखल केलेला. पोरं-पोरी ओळीनं वाकलेली, मागे मागे सरकताहेत, आणि वीत-वीत अंतरावर एकेक रोप चिखलात खोवताहेत. रस्ताभर लावायची झाडं एका खळ्याएवढ्या जागेत बसली होती.

"अरे, हे काय चाललंय?"

"रोवणा जी," कोणीतरी म्हणालं.

"रोवणा धानाचा असतो!" भाताच्या लावणीला आमच्याकडे रोवणा म्हणतात, एवढं मलाही ठाऊक होतं.

टिकारामचा दोस्त हिवराज कंबर धरून सरळ झाला. नागझिऱ्याकडचा पोरगा, तोंडाचा फटकळ. "मॅडम, मी बी तेच म्हणून राहिलो होतो. पण पंधरवड्यापासून घरी हेच करून राहिलो ना! चिखल दिसला का कंबर वाकते अन् हात चालते. त्याले काय समजते, धान हाये का जांभूळ?"

"रोवणा नाई," टिकारामनं दुरुस्ती केली. "हे पऱ्हे हायेत."

पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपं. आधी एका तुकड्यात दाट वाढवतात, मग उपटून सगळ्या शेतात लावतात. हेही मला हिवराजनंच समजावलं. म्हणजे ही झाडं पुन्हा उपटायची? कधी? आणि लावायची कुठं?

"ज्याचं त्याच्या गावी," टिकाराम म्हणाला. "पोरं इथं एकाजागी राहतात, मंग आपल्या आपल्या गावाले जातात. झाडं बी तशीच. लहानपणी एकटं लावलं का करमत नाई त्यायले."

मी कपाळाला हात लावला. पोरांनी मात्र आपापल्या रोपाला रंगीत चिंध्या बांधल्या, हातपाय धुतले आणि ती चहाला गेली.

प्राचार्यांनी तुकडा पाहिला आणि फर्मान काढलं: "उपटा सगळी, रस्त्यावर लावा." टिकाराम माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. ह्या खेपेला टेबलावर परत आलेल्या मनीप्लांटकडे त्याचं लक्षही नव्हतं. "मॅडम, मुळं आताच धरून राहिली. आता हात लावला तं मरतील. पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहू द्या. पोरायनं घरी सांगून ठेवलं हाये जी, झाड आणून राहिलो म्हणून." त्याचे डोळे भरून आले होते. मला त्याची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. प्राचार्यांना जाऊन सांगितलं, "सर, प्रयोग आहे तो."

"कसला?"

"तो... चालू आहे, सर."

हिवाळ्यात समिती आली. अध्यक्ष बाई रस्त्यानं चालल्या, मोकळे खड्डे पाहिले आणि झाडं कुठं आहेत असं विचारलं. आमची वरात हॉस्टेलमागे गेली. प्राचार्यांनी घसा साफ करून सांगितलं, "हे आमचं घनवन."

"वन नाई जी," सचिव म्हणाले. "हे झाडायचं हॉस्टेल हाये."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "बरं. पुढच्या वर्षी ह्यातली परिसरात किती जगलेली असतील?"

"इथं? एकबी नाई."

प्राचार्यांनी हापशाचा दांडा धरला. मी आकाशाकडे बघू लागले.

"मग हिरवं काय होणार?" बाईंनी विचारलं.

"गावं होतील ना जी! कॉलेज म्हणजे पोरंच ना? सुटीत येऊन पाहा, इथं कोणी नसते. झाडायनं इथं एकटं राहून करावं काय?"

बाईंनी वाकून एक चिंधी हातात धरून पाहिली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला ह्यातलं काही कळलं नाही, पण पोरगा गोड आहे." त्यांनी आमच्याबद्दल वर काय कळवलं कोण जाणे. ना शाबासकी आली, ना ठपका. प्राचार्य मात्र कितीतरी दिवस माझ्याशी फक्त शिपायामार्फत बोलत होते.

मे महिन्यात एका कामासाठी कॉलेजात गेले. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटावं. हॉस्टेल रिकामं. मागच्या बाजूला टिकाराम डोक्याला दुपट्टा गुंडाळून अंघोळीचं साठवलेलं पाणी लोट्यालोट्यानं रोपांना घालत होता.

"तू गावाला गेला नाहीस? परीक्षा कधीच संपली!"

"गावी कोणी नाई जी. आई गेली मी पाचवीत असताना. बाबा ट्रकवर राहतात, रायपूर-हैदराबाद. अर्जुनी मोरगावच्या पलीकडं घर हाये, त्याले कुलूप असते. मी पाचवीपासून हॉस्टेलातच."

"आणि सुट्यांमध्ये?"

"सुट्यांमध्ये बी इथंच," असं म्हणून तो पुढच्या ओळीकडे वळला. मी वर्षभर त्याच्यावर वैतागत होते, आणि हा पोरगा झाडांना तेवढंच विचारत होता, जे त्याला कोणीच विचारलं नव्हतं.

पुन्हा जुलै आला. पोरं गुणपत्रिका न्यायला आली आणि आपापली चिंधी शोधून मातीच्या गोळ्यासकट झाडं काढू लागली. काही रोपं मेली होती, काहींची मुळं एकमेकांत गुंतली होती, त्यावरून भांडणंही झाली. एकेक जण ओल्या बारदानात झाड गुंडाळून तिरोड्याच्या, देवरीच्या, अर्जुनीच्या एसटीकडे पळत होता. संध्याकाळी तुकड्यात एकच जांभूळ उरलं.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

"माह्यं जी. राहू द्या. तिकडं नेऊन पाणी कोण टाकन?"

हिवराज आपला आवळा खांद्यावर घेऊन निघालाच होता. तो मागे फिरला. "अरे, मंग बोलत काऊन नाई तू? मुका हायेस का?" त्यानं आवळा खाली ठेवला, फावडं घेतलं आणि जांभूळ खणायला लागला. "आमच्या घरामागं लावतो मी. पाणी आई टाकन. अन् तू दिवाळीनंतर मंडईले येजो पाहाले. नाई आला तं उपटून फेकतो, सांगून ठेवतो!"

टिकारामनं वाकून जांभळाच्या मुळांखाली ओलं बारदान धरलं.

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. दंडारीचा नाच, नाटक, पाळणे, आणि ज्या गावाची मंडई त्या गावात घरोघर पाहुणे. एके सकाळी टिकाराम माझ्या दारात उभा. आता एम.ए.ला होता, मुक्काम हॉस्टेलातच. कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना चापून तेल. आत येईना.

"मॅडम, एक विचारू? हिवराजकडं मंडईले जाऊन राहिलो. पाहुणा म्हणून गेलं तं काय नेतात जी?"

"म्हणजे? तू कधी कोणाकडे गेला नाहीस?"

"कोणी बोलावलं नव्हतं."

मी आत गेले. डोळे पुसले, फराळाचा डबा भरला, पिशवीत घालून त्याच्या हातात दिला. "हे त्याच्या आईला दे. पाया पड. जेवायला वाढलं तर लाजत बसू नकोस. आणि राहा म्हणाले, तर राहा."

तो पायरी उतरला, थांबला, पिशवी छातीशी धरून माझ्याकडे वळला.

"राहा बी म्हणतात का जी?"