कलकत्त्यापासून जवळच

शेजारचे वॉल्टर आणि पेगी ब्रह्मपुत्रेवर बोटीने फिरायला निघाले आहेत, ही बातमी प्रतापराव देवस्थळींना कुंपणावरून कळली. ऐकताक्षणी त्यांनी विचारलं, "सामान किती नेताय?"

वॉल्टर टेक्सासचा, चालला होता आसामला. बोटीतून गेंडे बघायचे, चहाचे मळे बघायचे, नदीकाठच्या गावात विणकाम करणाऱ्या बायका बघायच्या, असा त्याचा साधा बेत होता. पण विमान उतरणार होतं भारतात, आणि भारतात जाणाऱ्या माणसाची बॅग ही सार्वजनिक मालमत्ता असते, हे शुगर लँड या त्यांच्या गावातल्या कुठल्याही मराठी घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

प्रतापरावांची गरज मात्र खरी होती. नागपूरच्या शरयूताईला, त्यांच्या थोरल्या बहिणीला, हल्ली ऐकूच येत नसे. दर रविवारी सकाळी प्रतापराव फोनवर बोंब ठोकत, "ताई, कशी आहेस?" आणि तिकडून उत्तर येई, "हो, जेवले." आई गेल्यावर जिने लहानाचं मोठं केलं, तिच्याशी वर्षभरात एक धड वाक्य बोलणं झालं नव्हतं. ते त्यांना फार लागत होतं. म्हणून त्यांनी कमी ऐकू येणाऱ्यांसाठीचा मोठ्या आवाजाचा फोन आणला होता. त्याच्या लाल बटणात स्वतःचा नंबरही भरून ठेवला होता. ताईने बटण दाबलं की थेट भाऊ.

"तुम्हीच घेऊन जा ना," त्यांच्या पत्नी कांचनताई म्हणत. "सात वर्षं झाली इंडियाला जाऊन."

"माझे गुडघे वीस तास विमानात बसणार आहेत का?" प्रतापराव म्हणत आणि विषय संपे.

आता देवानेच वॉल्टर पाठवला होता. "कलकत्त्याच्या हॉटेलवर माझा भाचा येईल," त्यांनी त्याला समजावलं. "नागपूर तिथून जवळच आहे."

"आणि भेट नाही झाली तर?" वॉल्टरने विचारलं. त्याचा जन्म तेल कंपनीत सेफ्टी ऑफिसर म्हणून गेला होता. सूचना अर्धवट घेणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"तर कुणाच्याही हातात द्या हो. सगळे आपलेच लोक आहेत!"

असली वाक्यं आपल्याकडे बोलण्यासाठी असतात, अमलात आणण्यासाठी नसतात. पण हे वॉल्टरला कोण सांगणार? त्याने ते वाक्य एकदा स्वतःशी म्हटलं आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र मंडळातल्या रेणूचा फोन. "काकू, तुमचे नेबर्स इंडियाला चाललेत म्हणे? आईसाठी परफ्यूम द्यायचं होतं. अगदी छोटंसं पॅकेट आहे हो!" छोटंसं पाकीट येताना एकटं येत नाही. बदाम आले, व्हिटॅमिनच्या बाटल्या आल्या, कुणाच्या सासऱ्यांसाठी दाढीचं मशीन आलं. घोटाळा नको म्हणून कांचनताईंनी प्रत्येक पाकिटावर ठसठशीत देवनागरीत नाव लिहिलं. पेगीने निमूटपणे आपले बूट आणि हॅट बॅगेतून काढून ठेवले.

विमानतळावर काउंटरवरच्या बाईने विचारलं, "दुसऱ्या कुणी दिलेलं काही सामानात आहे का?"

वॉल्टर आयुष्यात खोटं बोलला नव्हता. "भरपूर आहे," तो म्हणाला. "काय आहे ते मात्र मला माहीत नाही."

बॅगा उघडल्या गेल्या, पाकिटं एकेक करून तपासली गेली आणि तोवर विमान उडून गेलं.

इकडे गिरीशचा, म्हणजे भाच्याचा, कलकत्त्याहून फोन. "मामा, मी लॉबीत बसून आहे. इथं गोरे तर भरपूर आहेत, तुमचे कोणते?"

"वॉल्टर उंच आहे."

"सगळेच उंच आहेत ना मामा!"

वॉल्टर आणि पेगी उशिरा पोचून, हॉटेलचं तोंडही न बघता परस्पर गुवाहाटीला गेले होते. गिरीश दोन दिवस उंच माणसं मोजून नागपूरला परतला. मग वॉल्टरची ईमेल आली: 'पाकिटं पोचवायला सुरुवात केली आहे. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं.'

"कुठल्या बायका?" प्रतापरावांनी कांचनताईंना विचारलं.

"मला काय विचारता?"

तेवढ्यात रेणू फोनवर. "काका, परफ्यूम पोचलं?"

"पोचलंय म्हणे."

"पण आई म्हणते, नाही आलं!"

"मग... पोचायच्या बेतात असेल," प्रतापराव म्हणाले आणि त्यांनी घाईघाईने फोन ठेवला.

खरा गोंधळ उडाला तो रविवारी. सकाळी फोन वाजला आणि एका म्हाताऱ्या बाईचा आवाज धो धो बोलू लागला. भाषा कुठली, देव जाणे.

"ताई? ताई, तूच ना?"

पलीकडे ती बाई खुशीत हसली आणि पुन्हा सुरू झाली. प्रतापरावांनी फोनवर हात ठेवून हाक मारली. "कांचन, फोन पोचला गं, पण ताईची वाचा बिघडली! बडबडतेय नुसती!"

कांचनताईंनी लगेच दुसऱ्या फोनवरून नागपूर लावलं. "गिरीश, ताई कशा आहेत?"

"आई? समोर भेंडी चिरतेय. मामाचा फोन आला नाही म्हणून त्याच्या नावानं बोटं मोडतेय."

"आणि तो मोठ्या आवाजाचा फोन?"

"कोणता फोन, मामी?"

पुढच्या रविवारी म्हातारी पुन्हा हजर. प्रतापरावांनी मराठी करून बघितली, हिंदी करून बघितली, इंग्रजीही करून बघितली. शेवटी सवयीने ते ओरडले, "जेवलात का?" त्यावर तिने इतकं सविस्तर उत्तर दिलं, की ते खुर्ची ओढून बसले. तिसऱ्या रविवारी तर चहाचा कप घेऊनच बसले.

वॉल्टर परतला तो फोटो घेऊन. पहिल्या फोटोत अभयारण्याचे वनरक्षक बदाम खात होते. दुसऱ्यात चहाच्या मळ्यातल्या बायका रेणूचं परफ्यूम एकमेकींना लावत होत्या. तिसऱ्यात, बांबूच्या खांबांवर उभ्या घराच्या दारात, एक आजोबा गुळगुळीत दाढी करून बसले होते.

"तुमचा भाचा भेटला नाही," वॉल्टर अभिमानाने म्हणाला, "पण तुमचे लोक फार चांगले आहेत."

चौथ्या फोटोत मळ्याच्या बंगल्यात एक म्हातारी लाल बटणाचा फोन कानाला लावून हसत होती. प्रतापरावांनी फोटो जवळ ओढला.

"मॅनेजरची आई. ठार बहिरी," वॉल्टर सांगू लागला. "मला वाटलं, हिच्यासाठीच असणार. मुलाची ईमेल आली आहे. आई म्हणते, बटण दाबलं की फोनवर एक भला माणूस येतो. उगाच ओरडतो, पण तिचं सगळं ऐकून घेतो."

प्रतापरावांना रागवायचं होतं, पण रागच येईना. उलट लाजच वाटली. वॉल्टर गेल्यावर कांचनताई एवढंच म्हणाल्या, "परक्या म्हातारीसाठी दर रविवारी अर्धा तास बसता ना? तिकडे सख्खी बहीण वाट बघतेय."

गुडघ्यांना विचारायचं राहूनच गेलं. ताईसाठी तसाच दुसरा फोन विकत आणला, तिकिटंही आली. "कुण्णाला म्हणजे कुण्णाला सांगायचं नाही," कांचनताईंनी दम भरला. रेणूलाही पत्ता लागला नाही. पण जुन्या बॅगा झटकायला बाहेर काढल्या, त्या कुंपणापलीकडून दिसायच्या त्या दिसल्याच.

"इंडिया?" वॉल्टरने विचारलं.

"नागपूर. फक्त नागपूर," प्रतापराव सावधपणे म्हणाले.

वॉल्टर लगबगीने आत गेला आणि एक पुडकं घेऊन आला. "पेगीने मॅनेजरच्या आईसाठी शाल विणली आहे. अगदी छोटंसं पाकीट आहे. आणि कलकत्ता नागपूरहून जवळच आहे, तुम्हीच म्हणाला होतात. तिथून पुढे आसाम."

प्रतापरावांनी कांचनताईंकडे बघितलं. कांचनताईंनी आभाळाकडे बघितलं.

"आणि भेट नाही झाली तर?" प्रतापरावांनी क्षीण आवाजात विचारलं.

"तर कुणाच्याही हातात द्या," वॉल्टर म्हणाला. "सगळे तुमचेच लोक आहेत."

तेवढ्यात घरात फोन वाजायला लागला. रविवार होता.

"जा," कांचनताई बॅग उचलत म्हणाल्या, "आसामच्या मावशींना सांगा, शाल येतेय म्हणावं."