बॅरनला आता कुणी भीत नाही

"शनिवारी शंभर माणसं दाराकडे पळाली नाहीत, तर नाव बदलीन मी," ट्रेव्हर हॉदरसॉल म्हणाला आणि टोस्टला लोणी फासू लागला.

ऐकायला स्वयंपाकघरात त्याची बायको ग्लेनिस एकटीच होती, आणि तीसुद्धा खिडकीच्या काचेवरची सीगल पक्ष्यांची घाण पुसण्यात गुंतली होती.

"कुठल्या दाराकडे?"

"पॅव्हिलियन सभागृहाच्या. त्या व्हॅम्पायरच्या चर्चेला."

"तिथलं डावीकडचं दार उघडत नाही," ग्लेनिस म्हणाली. "लोकांना आधी सांगून ठेव."

ट्रेव्हरनं सुस्कारा सोडला. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या त्या लहानशा गावात भयकथालेखक म्हणून राहणं सोपं नव्हतं, आणि ग्लेनिसबरोबर राहणं त्याहूनही अवघड होतं.

गेली तीस वर्षं तो बॅरन स्क्रॅथच्या कादंबऱ्या लिहीत होता. बॅरन स्क्रॅथ हा जुन्या वळणाचा व्हॅम्पायर. धुक्यातून यायचं, खिडकीत उभं राहायचं, एक शब्द न बोलता मानेचा चावा घ्यायचा आणि उजाडायच्या आत शवपेटीत परत. एके काळी लोक ट्रेव्हरला चिडून पत्रं लिहीत की, तुमच्यामुळे आम्ही दिवा लावून झोपतो. ती पत्रं वाचून तो स्वतः अगदी गाढ झोपायचा.

मग कुठून कोण जाणे, व्हॅम्पायर सुधारले. एकेक जण प्रेमात पडू लागला. दोनशे वर्षांचे बाप्ये कॉलेजात नाव घालून पोरीबाळींच्या शेजारच्या बाकावर बसू लागले. माणसाचं रक्त नको, पाप लागतं, म्हणून कुणी हरणाचं पिऊ लागला, कुणी बीटच्या रसावर आला. सॅफ्रन ओकशॉट नावाच्या तिशीतल्या बाईच्या कादंबऱ्यांमधला इव्हो हा व्हॅम्पायर तर चक्क बेकरी चालवायचा. सुपरमार्केटात अंड्यांच्या शेजारी तिच्या पुस्तकांची चळत लागलेली असे. बॅरन स्क्रॅथ वाचनालयाच्या तळघरात गेला होता. ट्रेव्हर म्हणायचा की, तिथं निदान अंधार तरी आहे.

खरी गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. त्याला स्वतःलाच बॅरनचा कंटाळा आला होता. मान ही जागाच केवढीशी, तिथं चावून चावून किती तऱ्हेनं चावणार? सकाळी टेबलाशी बसलं की, बॅरन खिडकीतून आत यायचा आणि ट्रेव्हरच्या मनात यायचं, ये बाबा, कुणाला न्यायचं ते ने आणि लवकर आटप. पण घर बॅरनच्याच दातांवर चाललं होतं, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

अशात त्याच्या प्रकाशनाच्या संपादिकेचा, इमोजेनचा, लंडनहून फोन आला.

"ट्रेव्हर, बॅरनला थोडा मऊ करता येईल का हो?"

"मऊ म्हणजे?"

"म्हणजे त्याला एखादं दुःख द्या ना."

"चारशे वर्षांपूर्वी मेलाय तो. आणखी काय दुःख देऊ?"

इमोजेन हसली नाही. बॅरन असाच राहिला, तर पुढचं पुस्तक निघेल की नाही हे सांगता येत नाही, असं तिनं फार गोड आवाजात सांगितलं. तुमच्याच गावात मी एक चर्चा ठेवलीय, 'व्हॅम्पायर, कालचे आणि आजचे', तुम्ही आणि सॅफ्रन, दोघं व्यासपीठावर बसा, आजचे वाचक कसे आहेत ते एकदा डोळ्यांनी बघा, असंही म्हणाली.

वाचक कसे आहेत ते ट्रेव्हरला बघायचंच नव्हतं. बॅरन कसा आहे ते त्याला वाचकांना दाखवायचं होतं.

त्यानं आपल्या शाळासोबत्याला, डेरेक मेटकाफला गाठलं. डेरेकचं गावात अंत्यविधीचं दुकान होतं. माणूस सज्जन, पण धंद्यामुळे चेहऱ्यावर कायमची सहानुभूती चिकटलेली. त्याला 'सुप्रभात' म्हटलं तरी तो सांत्वन केल्यासारखा हात दाबायचा. ट्रेव्हरचा बेत त्यानं गंभीरपणे ऐकून घेतला. दुकानातली नमुन्याची शवपेटी व्यासपीठावर शोभेसाठी म्हणून ठेवायची. ट्रेव्हर आधीच आत झोपणार. त्याची खुर्ची रिकामी बघून लोक चुळबुळ करू लागले की, झाकण हळूहळू करकरत उचलायचं आणि काळा झगा, लांब सुळे अशा थाटात बॅरन उठून बसणार.

"ग्लेनिसला माहीत आहे का?" डेरेकनं विचारलं.

"तिला सांगितलं, तर ती पेटीत उशी आणि मफलर ठेवील."

"ते वाईट नाही काही," डेरेक म्हणाला. मग त्यानं पायाकडच्या बाजूला हवेसाठी चार भोकं पाडून दिली आणि वर विचारलं, "तू आत सरळ मावतोस ना? नाहीतर आत्ताच सांग, म्हणजे पुढे आठवणीत राहील."

शनिवारी दुपारी पॅव्हिलियनचा पडदा बंद असताना ट्रेव्हर पेटीत उतरला. डेरेकनं त्याचा झगा नीट सारखा केला, हात छातीवर ठेवले आणि झाकण बसवलं. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे. पण झाकण बसवलं की, कडेचे चारही पितळी स्क्रू पिळून घट्ट करायचे, ही डेरेकच्या हातांची चाळीस वर्षांची सवय. हातांनी ते काम डेरेकला न विचारताच उरकलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात कुणी म्हातारी गेली होती. पेटीपुढे सवयीनं मान लववून डेरेक निघून गेला.

आत ट्रेव्हर पडून राहिला. अस्तर साटीनचं होतं, पाठीखाली मऊ गादी होती. फोन नाही, इमोजेन नाही, सीगल नाहीत, बॅरनसुद्धा नाही. आपण रोज लिहितो ती जागा इतकी आरामाची असेल, हे त्याला एवढ्या वर्षांत सुचलं नव्हतं. दोन मिनिटं डोळे मिटावेत, असं त्याला वाटलं, आणि तो गाढ झोपी गेला.

जाग आली ती बायकोच्या आवाजानं.

पहिल्यांदा त्याला वाटलं, आपण घरीच आहोत. मग नाक झाकणाला लागलं. ग्लेनिसचा आवाज माइकमधून येत होता.

"मी इथं बसायचं म्हणून आलेलीच नव्हते. पण खुर्ची रिकामी दिसली आणि ही इमोजेन रडकुंडीला आली, तेव्हा म्हटलं, चला. माझा नवरा कुठे आहे, मला माहीत नाही. बंदरावर जाऊन रुसून बसला असेल."

लोक हसले. ट्रेव्हरनं झाकण ढकललं. झाकण हललं नाही. त्यानं दोन्ही हातांनी ढकललं, मग गुडघ्यानं. मग त्यानं आतून ठोकलं.

"ऐकलंत?" हा सॅफ्रन ओकशॉटचा आवाज. "आवाजाची योजना छान केलीय." टाळ्या पडल्या. मग तिनं हातातली कपबशी पेटीवर ठेवली. ट्रेव्हरला ती बरोबर कपाळावर ठेवल्यासारखी ऐकू आली.

तो ओरडला. पण सुळे तोंडात होते, आणि त्यांच्यातून जे बाहेर आलं, त्याला पुन्हा टाळ्या पडल्या.

"मिसेस हॉदरसॉल," श्रोत्यांमधून कुणीतरी विचारलं, "तुम्हाला जुने व्हॅम्पायर आवडतात की नवे?"

"नवे," ग्लेनिस म्हणाली.

पेटीतली धडपड थांबली.

"ट्रेव्हरला सांगू नका. सॅफ्रनची सगळी पुस्तकं माझ्याकडे आहेत. इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवते, तिकडे तो कधी बघत नाही." पुन्हा हशा. "हे बघा, मी तरुण होते, तेव्हा भीती बाहेरून यायची. परका माणूस, परका देश, रात्री कुणीतरी खिडकीत उभं. तेव्हा बॅरन बरोबर होता. पहिलं पुस्तक वाचून मी बाथरूमला एकटी जात नव्हते. पण माझ्या वयाच्या बाईला आता खिडकीतल्या माणसाची भीती वाटत नाही. आला तर म्हणेन, पाय पूस आणि ये. भीती वाटते ती घरात कुणी बोलेनासं झालं, तर त्याची. या नव्या पोरींनी ते ओळखलं. म्हणून त्यांचा व्हॅम्पायर बोलतो. तो इव्हो पहाटे बेकरी बंद करून घरी येतो आणि त्या मुलीला विचारतो, तुझं आज काय झालं? मी ते पान तीनदा वाचलं. चावणं वगैरे असू दे हो. तो विचारतो."

पुढच्या रांगांतल्या दोन-तीन बायकांनी मान डोलावली.

"आमचा बॅरन वाईट नाही," ग्लेनिस पुढे म्हणाली. "एकटा पडलाय बिचारा. तीस वर्षं त्याला सगळ्या माना दिल्या ट्रेव्हरनं, पण घरी गेल्यावर पेटीच. आणि ट्रेव्हर पण दमलाय. मला दिसतं ते. वर खोलीत बसतो, खाली येतो तेव्हा चेहरा असा की, याचंच रक्त कुणीतरी प्यायलंय. मी विचारलं की म्हणतो, काही नाही. मग मी खिडकी पुसते."

ट्रेव्हर अंधारात डोळे उघडे ठेवून पडला होता. ठोकायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही. डेरेकनं कसर लागू नये म्हणून अस्तरात डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या. त्यांनी त्याचे डोळे आधीपासून चुरचुरत होते. आता ते वाहू लागले, आणि सगळा दोष गोळ्यांचाच होता, असं त्याला शपथेवर सांगता आलं नसतं. मग नाकात हुळहुळलं. त्यानं श्वास रोखला. उपयोग झाला नाही. पेटी हादरेल अशी शिंक आली आणि सॅफ्रनची कपबशी खाली पडून फुटली.

ग्लेनिस बोलता बोलता थांबली. ती शिंक ती लग्न झाल्यापासून ऐकत होती.

"अगं बाई," ती शांतपणे म्हणाली. "तो आत आहे."

तिनं उठून एकेक स्क्रू सोडवला आणि झाकण मागे टाकलं.

ट्रेव्हर उठून बसला. या क्षणासाठी त्यानं एक वाक्य पाठ केलं होतं. त्यात कबर होती, तहान होती आणि शेवटी 'तुमच्यातलं कोण पहिलं?' असं होतं. पण झगा मानेपाशी गोळा झाला होता, केस एका बाजूला उभे होते, डावा सुळा निसटून हनुवटीवर आला होता आणि दोन्ही गालांवरून पाणी घळाघळा वाहत होतं. त्यानं समोरच्या तुडुंब भरलेल्या सभागृहाकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. वाक्य आठवेना.

"चहा मिळेल का?" तो म्हणाला.

सभागृहातून "अरेरे" असा एक लांब सूर निघाला. पहिल्या रांगेतली एक जाडजूड बाई रुमाल काढत उठली. तिच्यामागून दुसरी उठली. "अहो, कुणीतरी जवळ घ्या त्यांना," मागून आवाज आला. बघता बघता शंभरेक माणसं उठून धावत सुटली. दाराकडे नव्हे, व्यासपीठाकडे. कुणी त्याच्या खांद्यावर शाल टाकली, कुणी पाठीवरून हात फिरवला. सॅफ्रन ओकशॉट स्वतः डोळे पुसत म्हणाली, "मी असा प्रसंग कधीच लिहू शकले नसते." इमोजेन मोबाइलवर ते सगळं टिपत होती आणि तिचा चेहरा दिवाळी असल्यासारखा फुलला होता.

घरी जाताना गाडी ग्लेनिस चालवत होती.

"इस्त्रीच्या कपड्यांखाली?" ट्रेव्हरनं विचारलं.

"तू कधी इस्त्री केली असतीस, तर सापडली असती."

"आणि मी दमलोय, हे दोनशे लोकांना सांगायचं होतं?"

"तुलाच सांगायचं होतं. पण तू ऐकावंस म्हणून झाकण बंद करावं लागेल, हे मला माहीत नव्हतं."

ट्रेव्हरनं खांद्यावरची शाल सारखी केली. मग तो म्हणाला, "बॅरनला बायको आणतोय मी. पुढच्या पुस्तकात. घरी कुणीतरी असेल त्याच्याशी बोलायला."

"कशी आहे ती?"

"सांग तू. कशी हवी?"

ग्लेनिसनं गाडीचा वेग कमी केला, आणि मग घर येईपर्यंत तीच बोलत होती.

सगळा हिवाळा ट्रेव्हरनं लिहिलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्याला लिहिताना जांभई आली नाही. बॅरन पहाटे घरी यायचा, झगा खुंटीला लावायचा, आणि बॅरनबाई टेबलाशी बसलेली असायची. ती विचारायची, कोण होती आज? ती ओरडायची नाही, रडायची नाही. उत्तर ऐकून ती फक्त काच पुसायला घ्यायची. त्या प्रसंगांत ट्रेव्हरनं जीव ओतला. इतकं हळुवार, इतकं मायेचं आपण काही लिहू शकतो, यावर त्याचा विश्वास बसेना. इव्होच्या तोंडात मारील असं पुस्तक झालं होतं. त्यानं ते इमोजेनला पाठवून दिलं आणि तो वाट पाहत बसला.

तिचा फोन आला, तो ट्रेव्हरनं स्पीकरवर टाकला. तिचा आवाज कापत होता.

"ट्रेव्हर, वाचलं. काय सांगू. काल रात्री दिवा लावून झोपले मी."

"दिवा लावून?" ट्रेव्हर गोंधळला. "अहो, पण बॅरन तर आता किती मऊ झालाय."

"बॅरन गोड आहे. त्याचं काही नाही. ती बायको, ट्रेव्हर. ती काच पुसते ना, काही न बोलता, तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ऑफिसात सगळ्यांचं तेच म्हणणं आहे. तीस वर्षांत तुम्ही इतकं भयंकर काही लिहिलं नव्हतं. हिच्यावरच मालिका करू या. कुठून सुचली तुम्हाला?"

ट्रेव्हरनं मागे वळून पाहिलं. ग्लेनिस दारात उभी होती. हातात ओलं फडकं होतं. तिनं सगळं ऐकलं होतं.

"सांग ना तिला," ती म्हणाली. तिचा चेहरा आनंदानं नुसता उजळला होता.