पडणाऱ्यांचं संग्रहालय

हिंदुराव आण्णांच्या संग्रहालयातला प्रत्येक फोटो कात्रीने कापलेला आहे. फोटोत लाल मातीने माखलेला एक पैलवान आणि त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात. फक्त हात. हाताचा मालक कापून टाकलेला.

आम्ही सहकुटुंब कोल्हापूरहून शाहूवाडीकडे निघालो होतो. रस्त्याकडेला पाटी दिसली : ‘पडणाऱ्यांचं संग्रहालय. प्रवेश फुकट. घाई असल्यास पुढे जावे.’ फुकट आहे म्हणून मी गाडी थांबवली. उगाच खोटं कशाला सांगू?

दारातच आण्णा उभे. वय सत्तरीपुढचं, कान चेपलेले, आवाज दोन शेतं ओलांडून जाईल असा.

“या पावणं! वैनी, चपला हितंच काढा. तालीम हाय ही.”

जुन्या तालमीची ती एकच खोली. फोटो तेवीस; मी मोजले. एकाचंही नाव कधी ऐकलेलं नव्हतं.

“यांनी कोणत्या कुस्त्या जिंकल्या?”

“एक बी न्हाय!” आण्णा अभिमानाने म्हणाले. “पैलवान गदा जिंकतोय ते समदी बघत्यात. पर रोज पहाटं त्येच्यासंगं सराव कोण करतंय? नवा डाव त्यो कुणावर बसवतोय? ह्येच्यावर! ह्यो पडला म्हणून त्यो उभा ऱ्हायला की!”

“मग हा हात कुणाचा?”

“असंल कुणाचा तरी. त्येला जगानं बघितलंय. तुमी ह्येला बघा.”

नुसतं बघून भागत नाही. प्रत्येक फोटोला वेगळा नमस्कार करावा लागतो. मी दोन फोटोंना मिळून एक केला, तर आण्णांनी दंडाला धरून मागे आणलं. “काटकसर करता व्हय?” पुढे एका फोटोपाशी त्यांनी डाव समजावून सांगायला माझीच मान बगलेत धरली, मला कमरेवर उचललं आणि अर्ध्यावर आणून सोडलं. बायको भिंतीला टेकून हसत होती.

“बघा वैनी, आता कळलं ह्यास्नी, पडणं किती अवघड असतंय ते.”

शेवटच्या फोटोपुढे मात्र त्यांचा आवाज एकदम खाली आला.

“ह्यो युसूफ. गडमुडशिंगीचा.”

“आणि हात?” बायकोने विचारलं.

“माझा.”

तरुणपणी दोघे एकाच तालमीत होते. सरावात आण्णांचा एक डाव चुकला आणि युसूफभाईंची मान दुखावली. त्यांची कुस्ती सुटली. त्याच वर्षी आण्णांनी गदा जिंकली. युसूफभाईंनी तक्रार केली नाही, बोलणंच बंद केलं.

निघताना आण्णांनी गाडीचं दार धरून ठेवलं. “कोल्हापूरला परत जाणार न्हवं? तिथनं गडमुडशिंगी जवळच हाय. म्हणावं, फोटो लावलाय, एकदा येऊन बघ.” मग खाली वाकून म्हणाले, “आन् त्येची मान कशी हाय तेवढं बघून फोन करा. इचारू नका. नुसतं बघा.”

गडमुडशिंगीत युसूफभाई घरासमोर खाटेवर बसले होते. त्यांनी आम्हाला चहा पाजला, निरोप सगळा ऐकून घेतला. “येणार का?” असं विचारल्यावर एक शब्द न बोलता जोरात मान हलवली. नाही.

मी आण्णांना फोन लावला. “वाईट वाटून घेऊ नका, आण्णा. ते येणार नाहीत.”

“आसं म्हणाला?”

“म्हणाले काहीच नाहीत. नुसती मान हलवली.”



“कशी हलवली?”

“नाही म्हणून. डावीकडे, उजवीकडे.”

“दोन्हीकडं?”

“दोन्हीकडं.”

“पुरी फिरली? तोंड वाकडं केलं न्हाय न्हवं?”

“अजिबात नाही.”

फोन ठेवायचं आण्णांना सुचलंच नाही. “आरं, युसूफची मान फिरती रं!” ते कुणाला तरी ओरडून सांगत होते. त्या खोलीत भिंतीवरच्या माणसांखेरीज कुणीच नव्हतं.