लाल फुगा कोरीचा, पिवळा जुनीचा

आमचे शेजारी वसंतभाई चुरी गतिरोधकांना नावानं ओळखतात. सरावलीपासून चारोटी नाक्यापर्यंत एकोणीस गतिरोधक आहेत. आकडा माझा आहे, मी स्वतः मोजलेला. या एकोणीसही जणांचं वसंतभाईंनी बारसं केलेलं आहे. शाळेसमोरचा तो ‘हेडमास्तर’. रानशेतच्या अलीकडे लागोपाठ येणारे दोन, ते ‘जुळे’. त्यापुढचा, काही कारण नसताना उंच, तो ‘जावईबापू’. आणि सगळ्यांत रुंद, बसका, पण ताटकळवल्याशिवाय कोणालाही पुढे न सोडणारा, तो ‘मामलेदार’. मी सरकारी नोकर, मोजणी खात्यातला. त्यामुळे या शेवटच्या नावाला मी हसत नाही. निदान मोठ्यानं.

वसंतभाई पक्के मराठी, पण आमच्या डहाणूत बाजारात बसणाऱ्या माणसाला ‘भाई’ लागतोच, आणि वाक्याच्या शेवटी गुजराती ‘ने’ही लागतो. त्यांचा फुग्यांचा कारखाना आहे. नुसती हवा विकणारे गावात पुष्कळ आहेत. वसंतभाई रबर तेवढं देतात, हवा ज्याची त्यानं भरावी. धंदा चांगला चालतो. महालक्ष्मीच्या जत्रेत एखादं पोर फुगा फुटला म्हणून रडायला लागलं की वसंतभाई समाधानानं मान डोलावतात. पोर आता दुसरा घेणार.

अशा या माणसाला गाडी घ्यायची होती. साधी नाही, परदेशी बनावटीची, चार दारांची, रस्त्याला पोट टेकवून पळणारी. तलासरीजवळच्या पेट्रोल पंपावर अशी एक गाडी त्यांना आणि रेखावहिनींना दिसली होती. वहिनींचं माहेर तलासरीचं, तिकडेच दोघं निघाले होते. त्या गाडीचं दार लागलं तेव्हा जो आवाज झाला, त्याचं वर्णन वसंतभाई अजून करतात. पत्र्याचा आवाज नाही, कुलपाचा नाही. आत एक मऊ ‘हुप’. वहिनी म्हणाल्या, अशा गाडीतून एकदा माहेरी जायला पाहिजे. त्या हे सहज म्हणाल्या. आमची ही रोज अशा निदान चार गोष्टी सहज म्हणते, आणि मी आजवर एकही मनावर घेतलेली नाही. वसंतभाईंनी घेतली. हे साल २०१४.

आता प्रश्न असा की कोरी घ्यायची की वापरलेली. कोरी मुंबईच्या शोरूममध्ये, बावन्न लाखांना. वापरलेली वापीच्या एका व्यापाऱ्याकडे, सत्तावीसला, एकवीस हजार किलोमीटर पळालेली. मी सरळ माणूस. मी कागद घेतला, दोन उभे रकाने पाडले आणि पंधरा मिनिटांत सांगितलं की वापरलेली घ्या. वसंतभाईंनी कागद नीट वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, “घाई नाय आपल्याला, साहेब. बराबर ने?”

ही घाई त्यांना पुढे पाच वर्षं नव्हती.

या पाच वर्षांत वापीच्या व्यापाऱ्याकडे एक गेली की दुसरी आली, तीही गेली की तिसरी. मॉडेलं बदलली, किमती वरखाली झाल्या. नोटाबंदी झाली तेव्हा वसंतभाई म्हणाले, आता कोण घेतो गाडी. जीएसटी आला तेव्हा म्हणाले, आधी तो कळू दे. तो मलाच अजून कळलेला नाही, तर फुग्यांना काय कळणार. मुंबईच्या शोरूममधला विक्रेता दर दिवाळीला शुभेच्छांचा फोन करायचा. त्याची मध्यंतरी दोनदा बढती झाली. ती वसंतभाईंच्या भरवशावर झाली नसावी.

पण खरी अडचण होती पोटाची. त्या गाडीचं पोट जमिनीपासून एकशे अठरा मिलिमीटर. वापरलेल्या गाडीच्या स्प्रिंगा दबलेल्या, ती आणखी दहानं खाली. वापीच्या आवारात पालथं पडून वसंतभाईंनी माझ्याच टेपनं मोजली होती. आणि डहाणूहून हायवेला लागायचं तर मामलेदाराला ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. मी म्हटलं, एकोणीस गतिरोधकांच्या उंच्या घेऊ, रुंदी घेऊ, चाकांमधलं अंतर धरू, उत्तर टेबलावरच मिळेल. माझं आयुष्य दुसऱ्यांच्या बांधांवर टेप धरण्यात गेलं आहे. मला वाटलं, माझ्या शब्दाला काही वजन असेल.

“टेप मुका असतो, साहेब,” वसंतभाई म्हणाले. “फुगा बोलतो.”

मग त्यांनी जे केलं, ते डहाणू तालुक्यात पूर्वी कोणी केलेलं नाही, आणि पुढे कोणी करील असं वाटत नाही. त्यांच्याकडे पंधरा वर्षांची एक छोटी गाडी होती. तिच्या पोटाखाली त्यांनी दोऱ्यानं दोन फुगे टांगले. लाल फुग्याची खालची कड जमिनीपासून एकशे अठरा मिलिमीटरवर, पिवळ्याची एकशे आठवर. लाल म्हणजे कोरी, पिवळा म्हणजे जुनी. गतिरोधकावरून जाताना जो फुटेल त्या गाडीचं पोट तिथे घासणार. सोपं. मी सांगितलं की ही गाडी वेगळी, हिच्या स्प्रिंगा वेगळ्या, चाकांमधलं अंतर वेगळं, म्हणजे सगळा प्रयोगच चूक आहे. ते म्हणाले, बराबर आहे, आणि आणखी दोन फुगे फुगवले.

पहिल्या फेरीला मी वही घेऊन शेजारी बसणार होतो. त्यांनी मला हात धरून उतरवलं. रिकामी मोजायची नाही, भरलेली मोजायची, आणि माझं वजन हिशेबात धरलेलं नाही. मग बाजारातून तांदळाच्या गोण्या आल्या. पुढच्या सीटवर अठ्ठावन्न किलोंची गोणी, ही रेखावहिनी. मागे शहात्तरची, हा मुलगा. चोपन्नची, ही सूनबाई. आणि दोघांच्या मध्ये एक पिशवी, त्या वर्षी नऊ किलोंची. हा नातू. पुढच्या गोणीला त्यांनी सीटबेल्ट लावला. तांदळाला अपघाताचं भय नसतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी बेल्ट ओढून पाहिला आणि गाडी सुरू केली.

वहिनींबद्दल सांगायचं राहिलं. सून बाळंत व्हायची होती म्हणून २०१४ च्या पावसाळ्याआधी त्या बंगळुरूला मुलाकडे गेल्या, सहा महिन्यांसाठी. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला. सहा महिन्यांचे बारा झाले, बाराचे चोवीस. वहिनी अधूनमधून चार दिवस येतात, कपाटं आवरतात, डबे भरतात, आणि परतीचं तिकीट आधीच काढलेलं असतं. सगळी मंडळी मिळून येणार आणि नव्या गाडीतून तलासरीला जाणार, हे दर दिवाळीला ठरतं, मग दर मे महिन्याला ठरतं.

मला त्यातलं एकच दिसत होतं, ते म्हणजे नातवानं माझ्या वहीची केलेली नासाडी. दर सहा महिन्यांनी वसंतभाई फोनवर त्याचं वजन विचारायचे आणि पिशवीत तेवढे तांदूळ वाढवायचे. नऊचे साडेदहा, साडेदहाचे बारा. वजन बदललं की प्रयोग पहिल्यापासून. मी एकदा वैतागून म्हटलं की हा मुलगा वाढायचा थांबेपर्यंत तुम्ही गाडी घेणार नाही. तेव्हा ते हसले, आणि पिशवीची गाठ सोडून आत हात घालून बसले, जसं काही तांदूळ निवडायचे आहेत.

रस्त्यावर आमची प्रसिद्धी झाली होतीच. आमची गाडी दिसली की रानशेतच्या पानटपरीवरची मंडळी उठून उभी राहायची. मामलेदारावर पिवळा फटकन फुटला की एक म्हातारा दरवेळी विचारायचा, “आज कोण वारलं, शेठ? जुनी का कोरी?” वसंतभाई गंभीरपणे उत्तर द्यायचे.

२०१८ ची दिवाळी झाली आणि मी शेवटचा तक्ता केला. स्वच्छ अक्षरात, पट्टीनं रेघा मारून. खालच्या ओळीत भरलेली गाडी, नातू साडेचौदा किलो: कोरी तीन ठिकाणी घासते, जुनी सात. तक्ता पुरा असावा म्हणून मी वरती आणखी एक ओळ घातली होती. ती फेरी वसंतभाईंनी आपणहून कधी मारली नव्हती. मीच हट्ट धरून त्यांना गोण्या उतरवायला लावल्या होत्या आणि वही घेऊन मागून मोटारसायकलवर गेलो होतो. चालवणारा एकटा: कोरी शून्य, जुनी शून्य. एकोणीसच्या एकोणीस गतिरोधकांवर दोन्ही फुगे शाबूत. माझ्या मते निकाल स्पष्ट होता. कुटुंबासाठी घ्यायची तर कोरीच घ्यायला हवी. चार वर्षांपूर्वीचं माझं मत मी आकड्यांपुढे मागे घेतलं, आणि हे मी कोणासाठीही सहसा करत नाही.

तक्ता घेऊन गेलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. आदल्या दिवशीच फोन आला होता. नातवाचं नाव तिकडच्या मोठ्या शाळेत घातलं. शाळेची बस दुपारी दोनला येते, तेव्हा घरी कोणीतरी लागतं. आता पाचसहा वर्षं तरी वहिनींना हलता येणार नाही. हे त्यांनी मला रबराचा भाव सांगावा तसं सांगितलं.

मग त्यांनी तक्ता घेतला. बराच वेळ पाहिला. खालची ओळ आत जाईल अशी कागदाला घडी घातली, घडीवरून नख फिरवलं आणि माझ्यापुढे धरला.

“ही वरचीच ओळ आपली, साहेब. हिच्यात जुनी पण नाय घासत. मग कोरीला कशाला पैसे घालवायचे? बराबर ने?”

हिशेब बरोबर होता. मी तेवीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजतो आहे. आकडा बरोबर आला आणि माणसाकडे बघवलं नाही, असं माझ्या नोकरीत फारदा झालेलं नाही.

जानेवारीत वापीहून गाडी आली. काळी, लांब, नंबर दादरा-नगर हवेलीचा. मी ना हरकत, कर आणि नोंदणी या विषयावर दोन दिवस व्याख्यान दिलं आणि सगळी कागदपत्रं मार्गी लावली. गाडी रोज संध्याकाळी पाचला बाहेर पडायची, चारोटीला वळसा घालायची आणि सव्वासहाला परत यायची. दार ‘हुप’ करून लागायचं. एकोणीस गतिरोधकांवरून एवढी गाडी गेली, पण पोटाला एक ओरखडा नाही. टपरीवरच्या म्हाताऱ्यानं विचारणंच सोडून दिलं. बाकी मंडळीही उठेनाशी झाली. बघायला होतंच काय? एक माणूस गाडी चालवतोय.

फेब्रुवारीत तलासरीला वहिनींच्या भाच्याचा साखरपुडा होता. वहिनींना सुट्टी मिळाली नाही. आजीच्या नोकरीत रजा नसते. वसंतभाईंनी आम्हाला चला म्हटलं. मी पुढे बसलो, चौऱ्याऐंशी किलो. मागे आमची ही आणि कॉलेजात जाणारी मुलगी. बेरीज देता येत नाही, कारण ही आपलं वजन सांगत नाही. शिवाय तिच्या मांडीवर आहेराची पितळेची समई होती, ती वेगळी.

हेडमास्तरावर पहिल्यांदा आवाज आला. खालून, लांब, खर्र असा. लाखोंची गाडी, आणि निमित्त मी. मी म्हटलं, वसंतभाई, मी उतरतो, पलीकडे चालत येतो. त्यांनी मान हलवली. जुळ्यांवर दोनदा घासली. मामलेदार आला तेव्हा त्यांनी गाडी तिरकी घ्यायला हवी होती, म्हणजे वाचली असती. हे त्यांनीच मला शिकवलेलं. त्यांनी सरळ घेतली. टपरीवरचा म्हातारा त्या आवाजानं उठून उभा राहिला. वसंतभाईंनी काच खाली केली आणि त्याला हात केला.

चारोटीपर्यंत मी बोटांवर मोजत होतो. सात झाले. तक्त्याची खालची ओळ बरोबर निघाली होती, गोण्यांमुळे नव्हे, आमच्यामुळे.

तलासरीला मांडवाबाहेर त्यांनी गाडी सावलीत लावली. आम्ही उतरलो, चार दारं एकामागून एक लागली. ते खाली वाकून पोटाकडे पाहतील असं मला वाटलं. त्यांनी खिशातून फोन काढला. पलीकडे रेखावहिनी होत्या, माहेरी कोण कोण आलंय ते विचारत असाव्यात. वसंतभाईंनी त्यांना आधी दुसरंच सांगितलं.

“अगं, आज सातही ठिकाणी घासली,” ते म्हणाले. मग पलीकडचं ऐकलं, आणि गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाले, “नाय गं, खराब नाय झाली. भरलेली होती.”